पाचव्या प्रश्नाला किती गुण

आरोग्य खात्यात आकड्यांच्या टेबलावर माझी अठ्ठावीस वर्षं गेली. कुठल्या गावात किती बाळंतपणं झाली, किती मुलांना लस टोचली, किती जणांचा खोकला तपासला, हे सगळं खालून यायचं. मी बेरीज करायची आणि वर पाठवायचं. माझी बेरीज चुकत नाही अशी कार्यालयात ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर तेवढंच माझ्या नोकरीचं सुख होतं. त्या आकड्यांमागची माणसं मी कधी पाहिली नव्हती. पाहावीशी वाटली होती असंही नाही.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, साहेबांनी मला खोलीत बोलावून एक फाईल पुढं सरकवली. ते स्वतः डॉक्टर, पण आता नुसते कागदांचे डॉक्टर झालोत असं तेच म्हणायचे.

"आपल्या भागातले दवाखाने, आरोग्य केंद्रं, मोठी रुग्णालयं एकमेकांशी किती जोडून काम करतात, ते मोजायचंय," ते म्हणाले. "ही व्यवस्था किती मुरली आहे, म्हणा ना."

फाईलमध्ये अकरा प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे सुरुवातच नाही, पाच म्हणजे सगळं अंगवळणी पडलेलं. वेगवेगळ्या जागी काम करणाऱ्या माणसांनी आधी एकेकट्यानं गुण द्यायचे, मग सगळ्यांनी एकत्र बसून, बोलून, एका आकड्यावर यायचं.

मी फाईल चाळली आणि विचारलं, "पण सर, यात मोजायचं काय? हे तर प्रत्येकाचं मत झालं."

"मतच गोळा करायची आहेत."

मताला आकडा म्हणायचं हे माझ्या जिवावर आलं होतं. पण काम ते काम. मी आठ जणांना पत्रं पाठवली आणि धारवाडच्या आमच्या कार्यालयातली वरच्या मजल्यावरची खोली झाडून घेतली.

त्या आठांपैकी दोघांची गोष्ट सांगायची आहे. एक हुबळीच्या मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर. चाळिशीच्या आतबाहेरचे, कानडी बोलणारे, पण आजोळ मराठी असल्यानं माझ्याशी हौसेनं मराठीत बोलायचे. दुसरी अळणावरकडच्या एका खेड्यातली सिस्टर. गावच्या उपकेंद्रात ती एकटीच. तीन वाड्यांमधली घरं ती पायी फिरायची. कानडी तिची, पण त्या बाजूची शेतावर राबणारी माणसं मराठी बोलतात, म्हणून मराठीही तिची झालेली. आमच्या खोलीत आली तेव्हा दाराजवळची खुर्ची धरून बसली आणि तासभर एक शब्द बोलली नाही.

पहिले चार प्रश्न भराभर उरकले. सगळ्यांचे आकडे जवळजवळ होते. मी फळ्यावर लिहीत होते आणि मनात म्हणत होते, जेवायच्या आत आटोपेल.

पाचवा प्रश्न होता, एका ठिकाणी झालेल्या उपचारांची माहिती रुग्णाबरोबर दुसऱ्या ठिकाणी वेळेवर पोचते का.

"चार," हुबळीचे डॉक्टर म्हणाले.

"ओंदु," दाराजवळून आवाज आला. ओंदु म्हणजे एक. सगळ्यांनी वळून पाहिलं.

डॉक्टर हसले, पण नीट हसले, टर उडवून नव्हे. "सिस्टर, एक कसं? गेल्या दोन वर्षांत आम्ही घरी सोडलेल्या प्रत्येक रुग्णाचं पत्र संगणकावरून त्याच्या आरोग्य केंद्राला पाठवतो. मी स्वतः पाठवतो. पत्र गेल्याचं मला दिसतं."

"तुम्ही पाठवत असाल सर. मी नाही म्हणत नाही." ती कानडीतून मराठीत आली, बहुधा माझ्याकडं पाहून. "मला एकही मिळालं नाही."

"असं कसं होईल?"

"ते मी कसं सांगू? माझ्याकडं हुबळीहून माणूस परत येतो तेव्हा मी त्यालाच विचारते, काय केलं रे तुला. तो सांगतो, सुई मारली. कसली सुई, तर मोठी."

खोलीत हसू पिकलं. ती हसली नाही. डॉक्टरही आता हसत नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढून पाठवलेल्या पत्रांची यादी तिच्यासमोर धरली. तिनं आपल्या पिशवीतून वही काढली. प्रत्येक घराचं एक पान, आणि हुबळीहून परत आलेल्यांच्या पानावर लाल पेनानं एकच शेरा, "माहीत नाही." तो फोन आणि ती वही टेबलावर शेजारी शेजारी पडली होती आणि मी खडू हातात धरून उभी होते. इतक्या वर्षांत माझ्यासमोर दोन आकडे असे एकमेकांना भिडले नव्हते. माझ्याकडं येईपर्यंत आकडा नेहमी गप्प झालेला असायचा.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सरासरी घ्या. बाकीचे या दोघांच्या मधलेच आहेत. चार आणि एक, अडीच. पुढचा प्रश्न."

मी अडीच लिहिलं.

आम्ही हुबळीत, केशवापुरात राहतो. माझे यजमान तारिहाळच्या एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झाले. संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना हे सांगितलं, निव्वळ गंमत म्हणून. ते गंभीर झाले.

"सरासरी कोणी घ्यायला सांगितली?"

"साहेबांनी."

"आमच्या शॉपमध्ये दोघांनी एकच दांडा मोजला आणि माप वेगळं आलं, तर सरासरी घेणाऱ्याला हाकलून दिलं असतं," ते म्हणाले. "आधी बघायचं, कोणाचं मोजायचं हत्यार बिघडलंय का. दोघांचंही ठीक असेल, तर दांडाच बघायचा. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो कधी कधी. मग दोघंही बरोबर असतात. तू दांडा बघितलास का?"

मी नाही म्हटलं. कप तसाच ठेवून मी आत गेले आणि आधी सिस्टरला फोन लावला, मग डॉक्टरांना. मला वाटलं होतं डॉक्टर टाळतील. ते म्हणाले, "मॅडम, शनिवारी माझी सुट्टी आहे. गाडी मी आणतो."

शनिवारी सकाळी धारवाड सोडलं तेव्हा मी शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी खिडकीला नाक लावून बसले होते. अळणावरच्या रस्त्याला झाडं दाटत जातात, हवा बदलते, पुढं भाताची शेतं लागतात. त्या गावाचं नाव मी माझ्या तक्त्यांमध्ये शेकडो वेळा लिहिलं होतं. तिथं एक तळं आहे आणि तळ्याच्या काठानं घरं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

सिस्टर उपकेंद्राच्या पायरीवर वाट पाहत होती. तिनं चहाबिहा काही विचारलं नाही. "बर्री," म्हणाली, चला, आणि चालू लागली. "तुमचाच एक पेशंट दाखवते सर. हुबळीहून येऊन महिना झाला."

घर शेताच्या कडेला होतं. ओसरीवर साठीची एक बाई पाय लांब करून बसली होती. पायाला पट्टी. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात भात लावलेली, कापलेली बाई. साखरेचा आजार होता आणि पायाची जखम चिघळली होती, म्हणून डॉक्टरांनी तिला रुग्णालयात ठेवून घेतलं होतं. तिनं डॉक्टरांना लगेच ओळखलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आल्यात व्हय डाक्टर? एवढ्या लांब?"

डॉक्टर खाली बसले, जखम पाहिली. "पाय चांगला आहे आजी. सिस्टरनी पट्टी उत्तम ठेवली आहे."

"पाय बरा हाय. पर सकाळच्याला घाम फुटतोय, हातपाय कापत्यात. परवा बांधावरच बसले. सून म्हणाली, भूक लागली आसंल."

डॉक्टरांचा हात थांबला. "औषधं कुठली घेता? दाखवा बघू."

तिनं सुनेला हाक मारली. सुनेनं बिस्किटाचा डबा आणला. त्यात हुबळीहून दिलेलं इन्सुलिन टोचायचं पेन होतं, आणि गोळ्यांच्या पट्ट्या. डॉक्टरांनी एक पट्टी उचलली, उलटी केली, परत सुलटी केली.

"ही गोळी कोण देतं?"

"मी देते," सिस्टर म्हणाली. "तीन वर्षं चालू आहे. आरोग्य केंद्राकडून येते."

"सिस्टर, मी ही बंद केली आहे. सुई सुरू केली तेव्हाच. दोन्ही एकदम घेतलं तर साखर फार खाली जाते."

सिस्टरचा चेहरा उतरला. "मला सुईचं सुनेनं सांगितलं. गोळी बंद झाल्याचं कोणीच सांगितलं नाही. कुठं लिहिलंय ते?"

"पत्रात लिहिलंय. संगणकावरून पाठवलंय. आणि कागदही दिलाय हातात."

"कागुद थोरल्याकडं हाय," आजी म्हणाली. "त्यो हुबळीत उणकलला ऱ्हातोय. परत दाखवायला जाताना लागंल म्हून त्यानं जपून ठिवलाय." मग आमच्या तोंडांकडं पाहत तिनं विचारलं, "माझं काय चुकलं का? गोळी हितली, सुई तिकडची. दोन्ही डाक्टरानंच दिल्यात की."

"तुमचं काही चुकलं नाही आजी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्यांची पट्टी स्वतःच्या खिशात घातली. सुनेला समोर बसवून सुई किती घ्यायची, जेवणाआधी कधी घ्यायची, घाम फुटला तर लगेच साखर तोंडात टाकायची, हे दोनदा समजावलं आणि तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. सिस्टरनं आपल्या वहीत आजीच्या पानावरचा "माहीत नाही" खोडला आणि सगळं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर एकदम थांबले. "मॅडम, पत्र गेलंय हे नक्की. हिच्यापर्यंत आलं नाही हेही नक्की. मग ते आहे कुठं?"

मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला थोडी लाज वाटते. आजीची काळजी वाटत होतीच, पण त्या काळजीखाली आनंदाची एक उकळी फुटत होती. दांड्याचं जाड टोक आणि बारीक टोक माझ्या यजमानांनी घरबसल्या सांगितलं होतं, आणि आता आम्ही त्याच्या मधोमध उभे होतो. मी म्हटलं, "पत्र ज्या संगणकावर येतं तो बघायचा."

तो संगणक पलीकडच्या मोठ्या गावातल्या आरोग्य केंद्रात होता. सिस्टरलाही गाडीत घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सहा-सात महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या. शनिवारची गर्दी आवरून नुकत्याच डबा उघडत होत्या. आम्ही येण्याचं कारण सांगितलं तशा त्या डबा बंद करून उठल्या.

"मी रोज सकाळी उघडून बघते," त्या म्हणाल्या. "हुबळीचं एकही पत्र नाही. मला वाटलं, हुबळीवाले पाठवतच नाहीत." आणि त्यांनी आपल्या नावानं संगणक उघडून दाखवला. खरंच काही नव्हतं.

डॉक्टरांनी फोनवर आपली यादी काढली आणि एका पत्रावर बोट ठेवलं. पत्र कोणाच्या नावे गेलं, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. ते नाव डॉक्टरीणबाईंच्या आधी तिथं असलेल्या डॉक्टरांचं होतं. त्यांची बदली झाली होती. बदलीचा कागद सगळ्या कपाटांत, सगळ्या फायलींत पोचला होता, फक्त हुबळीच्या संगणकाला कोणी कळवलं नव्हतं. पत्रं रोज येत होती आणि गेलेल्या माणसाच्या नावाच्या पेटीत पडत होती.

"आणि त्याआधी?" सिस्टरनं विचारलं. "आधीचे सर इथं होते तेव्हा?"

डॉक्टरीणबाईंनी जरा अडखळत सांगितलं, "ते बघत असतील. पण सिस्टर, इथून पुढं तुमच्याकडं पाठवायची सोयच नाही यात. पत्र इथं येऊन थांबतं."

म्हणजे पत्र दोन जागी अडकत होतं. मी माझ्या कागदावर एक बाण काढला, त्यावर दोन फुल्या मारल्या, आणि माझं अक्षर कधी नव्हे ते वेडंवाकडं आलं.

डॉक्टरांनी तिथूनच रुग्णालयाच्या संगणक विभागाला फोन लावला. ते कानडीत बोलत होते, सावकाश, एकेक शब्द. मग वाट पाहणं. तिकडून आधी आरोग्य खात्याचं पत्र लागेल म्हणाले. मी आमच्या साहेबांना घरी फोन केला, शनिवारच्या दुपारी, असं धाडस मी पूर्वी कधी केलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं द्या." वीस लागली. मग डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर एक ओळ उमटली, तिच्याखाली दुसरी, आणि बघता बघता पडदा भरला. पान खाली सरकवलं तरी यादी संपेना.

आम्ही चौघं त्या एका पडद्याला डोकी लावून उभे. डॉक्टरीणबाई नावं वाचायला लागल्या आणि सिस्टर दर तिसऱ्या-चौथ्या नावाला म्हणायला लागली, "ही माझी." "हे देवळामागचे, यांचं हृदयाचं होतं का? मला पोटाचं सांगितलं." "हिचं बाळ, थांबा, बाळाला पुन्हा दाखवायचं होतं?" डॉक्टरीणबाई पत्र उघडायच्या, महत्त्वाचं तेवढं वाचायच्या, मी लिहून घ्यायची, सिस्टर फोन लावायची. डॉक्टर मध्येच फोन घ्यायचे आणि सांगायचे, मी हुबळीचा, ते पांढरं औषध अजून चालू आहे ना, बंद करू नका. आसपासच्या वाड्यांच्या दुसऱ्या दोन सिस्टरांनाही बोलावून घेतलं. त्या आल्या तशा खुर्च्या कमी पडल्या. बऱ्याच पत्रांत काळजीचं काही नव्हतं. काहींत होतं. बाळाच्या आईला सोमवारी यायला सांगितलं. एका म्हाताऱ्याची रक्ताची तपासणी राहून गेली होती, ती केंद्रातच करायची ठरली.

जेवण राहून गेलं. डॉक्टरीणबाईंच्या डब्यातल्या भाकरीचे तुकडे सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ले. मी आयुष्यभर नुसती संख्या लिहिली होती. त्या दुपारी मी नावं लिहिली, आणि नावापुढं पेशंटला आज काय सांगितलं ते लिहिलं. कोणी मला सांगितलं असतं की सरकारी कचेरीच्या कामानं माणसाला असा हुरूप येतो, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

परत येताना डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मी दोन वर्षं चार गुण देत होतो स्वतःला."

"तुम्ही पाठवत होतात. तुमच्या टोकाला चारच होते."

"आजीच्या टोकाला काय होतं, ते तर बघितलं," ते म्हणाले, आणि धारवाड येईपर्यंत त्यांनी संगणकात काय काय बदलायचं याची यादी मला सांगितली. मी ती मांडीवर वही ठेवून लिहिली.

पंधरा दिवसांनी ते आठ जण पुन्हा बसले. या वेळी सिस्टर दाराजवळ नव्हती, टेबलाशी होती. काय झालं ते तिनंच सांगितलं. आजीचं सांगितलं, पत्रांचं सांगितलं. मग मी पाचव्या प्रश्नासमोरचा अडीच पुसला आणि विचारलं, किती?

"दोन," डॉक्टर म्हणाले.

"दोन चालेल," सिस्टर म्हणाली. "पत्र लिहिलं जातं, हे मला माहीत नव्हतं. त्याचा एक वाढवला."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "दोन पाठवलं तर बाकीच्या भागांपुढं आपण मागासलेले दिसू. बाकीचे तीन, चार लिहितील."

मी साहेबांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आपल्या दोनमागं काय आहे ते आपल्याला माहीत आहे. कुठं दुरुस्त करायचं तेही माहीत आहे. अडीचमागं काहीच नव्हतं."

साहेब डॉक्टरांकडं वळले. "तुमच्या रुग्णालयाची याला हरकत नाही?"

"मीच दोन म्हणालो सर."

साहेबांनी पेन उघडलं आणि सही केली. सही करता करता म्हणाले, "मग सहाव्या प्रश्नालाही आपण उगीच तीन दिलेत का?" आणि सगळी खोली एकदम बोलायला लागली. त्या दिवशी आम्ही सहावा, सातवा, नववा असे तीन प्रश्न पुन्हा उघडले.

दोन महिन्यांत पत्र व्यक्तीच्या नावे न जाता केंद्राच्या नावे जायला लागलं, आणि सिस्टरच्या फोनवर त्यातल्या चार ओळी कानडीत आणि मराठीत येऊ लागल्या. कोणतं औषध बंद, कोणतं सुरू, पुन्हा कधी दाखवायचं. मराठी ओळींचे मसुदे मी केले. आजीची जखम भरायला थंडी सरावी लागली, पण भरली. तिचं सकाळचं कापरं त्याच आठवड्यात थांबलं होतं.

गुण द्यायची ही बैठक आता दर वर्षी होते. यंदाच्या बैठकीला रुग्णांच्या बाजूनं कोणीतरी हवं असं ठरलं, तेव्हा सिस्टरनं आजीलाच आणलं. अळणावरहून गाडीनं धारवाड, स्टेशनवरून रिक्षानं कार्यालय. जिना तिनं एकेक पायरी करत, पण कोणाचा हात न धरता चढला. मी तिला गुण कसे द्यायचे ते समजावलं. तिनं मान डोलावली. मग प्रश्न आला, उपचार ठरवताना रुग्णाला विचारलं जातं का.

डॉक्टरांनी तीन दिले. सिस्टरनं दोन.

"तुम्ही किती द्याल आजी?" साहेबांनी विचारलं.

तिनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "मला कुनी काय इचारलं, आठवत न्हाई. सांगितलं लई." मग म्हणाली, "आज पयल्यांदाच इचारताय. त्येचा एक लिवा."

डॉक्टरांनी आपला तीनचा कागद उलटा केला, खुर्ची तिच्याकडं वळवली आणि म्हणाले, "काय विचारायला हवं होतं, ते सांगा. सावकाश सांगा." ती सांगू लागली आणि मी नवं पान उघडलं.